शाळेतील मानसशास्त्रज्ञ आणि दानाचे सातत्य
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात पन्नास वर्षांच्या हिशेबाच्या वह्या उघडल्या जातात. किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली, किती खोल्या बांधल्या, किती वह्या-पुस्तके वाटली, याची नोंद अभिमानाने वाचली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेत जाणाऱ्या मुलाची एक गरज अशी आहे, की जिची नोंद कोणत्याही वहीत सहसा सापडत नाही. फी भरलेली असते, गणवेश मिळालेला असतो, पुस्तकेही असतात. तरी मूल अभ्यासात मागे पडते, गप्प गप्प होते, शाळेचे नाव काढताच त्याच्या पोटात दुखू लागते. मग घरी आणि शाळेत त्याच्यावर 'आळशी', 'हट्टी' किंवा 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. एकदा बसलेला हा शिक्का पुसायला कधी कधी सारा जन्म पुरत नाही.

अशा मुलाजवळ शांतपणे बसून त्याच्या अडचणीचे मूळ शोधणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेतच असावी, ही अपेक्षा रास्त आहे. पण अशी व्यक्ती घडविण्यासाठी पैसा कोणी द्यावा, किती काळ द्यावा आणि कोणत्या रीतीने द्यावा, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेचे. तो देश श्रीमंत आहे म्हणून नव्हे. तर या कामात त्याने सव्वाशे वर्षे घातली, मोठी रक्कम ओतली आणि अलीकडे ती मध्येच थांबविलीही. त्यांच्या खात्याच्या जमा आणि नावे या दोन्ही बाजू तपासून पाहिल्या, तर आपल्याला नवे खाते उघडताना शहाणपण येईल.

एका शिक्षिकेचा प्रश्न

मार्च १८९६ मध्ये फिलाडेल्फिया शहरातील एक शिक्षिका चौदा वर्षांच्या एका मुलाची अडचण घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लाइटनर विटमर यांच्याकडे गेल्या. मुलाला शब्द शुद्ध लिहिणे काही केल्या जमत नव्हते. विटमर यांनी त्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा त्याच्या दृष्टीतही दोष असल्याचे आढळले. त्याला चष्मा मिळाला आणि त्याच्या जोडीने खास शिकवणीही सुरू झाली. त्याच वर्षी विटमर यांनी विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालयाची स्थापना केली.

या लहानशा प्रसंगात पुढील सारा इतिहास सामावलेला आहे. मुलाची अडचण प्रथम दिसली ती शिक्षिकेला. पण तिचे कारण शोधण्यासाठी तिला शाळेची पायरी उतरून विद्यापीठात जावे लागले. प्रत्येक शिक्षिकेला हे कसे शक्य व्हावे? म्हणून हे ज्ञान शाळेतच आणावे, असा विचार पुढे आला. १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या शिक्षण मंडळाने अर्नोल्ड गेझेल यांची नेमणूक केली. 'शालेय मानसशास्त्रज्ञ' हे पदनाम धारण करणारे ते पहिले गृहस्थ मानले जातात. १९६९ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९७५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला आणि प्रत्येक अपंग मुलाला सार्वजनिक शाळेत मोफत व योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. मुलाची नेमकी गरज ठरविण्यासाठी तपासणी आवश्यक झाली आणि त्यामुळे ही तपासणी करणाऱ्यांची मागणी देशभर वाढली.

समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ आणि शालेय मानसशास्त्रज्ञ यांत आपल्याकडे पुष्कळदा गल्लत होते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो औषध देऊ शकतो. शालेय समुपदेशक विद्यार्थ्यांना अभ्यास, करिअर आणि दैनंदिन अडचणींविषयी मार्गदर्शन करतो. शालेय मानसशास्त्रज्ञाला मन आणि शिक्षण या दोन्ही शास्त्रांचे प्रशिक्षण असते. मूल वाचनात का अडते, त्याचे लक्ष का टिकत नाही, त्याच्या रागामागे भीती आहे की दुःख, याची शास्त्रीय चाचण्यांनी तपासणी करणे. शिक्षक व पालक यांना उपाय सुचविणे. शाळेवर आपत्ती कोसळली तर मुलांना सावरणे, ही त्याची कामे. गरज असेल तेथे तो मुलाला डॉक्टरांकडेही पाठवितो.

माणूस घडायला लागणारा काळ

अशी व्यक्ती एका शिबिरात किंवा एका उन्हाळी वर्गात तयार होत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन पदवीनंतर साधारण तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दोन वर्षे वर्गातील अध्ययन आणि शाळांमधील प्रत्यक्ष सराव; त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान १,२०० तासांची उमेदवारी, आणि त्यातले निदान ६०० तास शाळेत घालविलेले असले पाहिजेत, असा तेथील राष्ट्रीय संघटनेचा दंडक आहे. या उमेदवारीच्या वर्षात पूर्ण वेळ काम करावे लागते. पण त्याबद्दल वेतन मिळेलच, याची शाश्वती नसते. ज्याच्यावर घरची जबाबदारी आहे, ज्याने शिक्षणासाठी कर्ज काढले आहे, तो नेमका याच उंबरठ्यावर अडखळतो.

परिणामी संख्या कमी पडते. एका मानसशास्त्रज्ञामागे ५०० विद्यार्थी असावेत, अशी राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. प्रत्यक्षात २०२३-२४ या वर्षात देशाची सरासरी एका व्यक्तीमागे सुमारे १,०६५ विद्यार्थी अशी होती, आणि काही राज्यांत स्थिती याहून पुष्कळ बिकट होती. व्यापाऱ्याच्या रीतीने याचा ढोबळ हिशेब मांडून पाहावा. शाळेचे वर्ष १८० दिवसांचे आणि कामाचा दिवस सात तासांचा धरला, तर वर्षाचे १,२६० तास होतात. ५०० विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच तास येतात. १,०६५ असतील तर जेमतेम सव्वा तास, तोही साऱ्या वर्षात! एकाच मुलाची संपूर्ण तपासणी आणि तिचा अहवाल यांसाठी कितीतरी तास खर्ची पडतात, हे ध्यानी घेतले म्हणजे उरलेल्या मुलांच्या वाट्याला काय येते, हे वेगळे सांगायला नको.

या तुटवड्याचे एक दुष्टचक्र आहे. माणसे कमी, म्हणून असलेल्यांवर भार अधिक. भार अधिक, म्हणून त्यांचा सारा वेळ कायद्याने सक्तीच्या केलेल्या तपासण्यांत आणि अहवालांत जातो. मुलाशी निवांत बोलणे राहून जाते. ज्या कामासाठी या व्यवसायात पाऊल ठेवले तेच करता येत नाही, म्हणून काही जण शाळा सोडून अन्यत्र जातात. अनुभवी माणसे गेली की नव्या उमेदवारांवर देखरेख करायला कोणी उरत नाही. शिकविणारे प्राध्यापक कमी, म्हणून विद्यापीठातील जागाही कमी. खेड्यापाड्यांतील शाळांना तर जाहिरात देऊनही माणूस मिळत नाही.

निधी आला, आणि थांबला

हे चक्र तोडायचे तर केवळ पगाराची तरतूद पुरत नाही. माणूस शोधण्यापासून तो शाळेत स्थिरावेपर्यंतची सारी साखळी पैशाने सांधावी लागते, हे अमेरिकेच्या संघीय सरकारने ओळखले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लॉरिडातील पार्कलंड येथील शाळेत गोळीबार होऊन १७ जणांचा बळी गेला. त्यानंतरच्या काळात संघीय शिक्षण खात्यातर्फे दोन अनुदान योजना सुरू झाल्या. एका योजनेत विद्यापीठ आणि शाळा यांनी हातात हात घालून नवे उमेदवार प्रशिक्षित करावयाचे होते. दुसरीत शाळांनी प्रशिक्षित माणसे नेमावी आणि टिकवून ठेवावी, असा हेतू होता. या योजनांत शालेय मानसशास्त्रज्ञांबरोबर समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते यांचाही समावेश होता.

पुढे कोरोनाची साथ आली, शाळा बंद झाल्या, मुले घरात कोंडली गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालमनोविकारतज्ज्ञ यांच्या संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याची स्थिती ही राष्ट्रीय आणीबाणी असल्याचे घोषित केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील सर्जन जनरल, मूळ भारतीय वंशाचे डॉ. विवेक मूर्ती यांनी याच विषयावर देशाला सावध करणारे निवेदन प्रसिद्ध केले. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी येथील प्राथमिक शाळेत १९ बालके आणि दोन शिक्षिका यांची हत्या झाली. एरवी एकमेकांशी न पटणारे दोन्ही पक्ष एकत्र आले आणि अवघ्या महिन्याभरात, २५ जून २०२२ रोजी, एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. त्यात या दोन योजनांसाठी मिळून पाच वर्षांकरिता एक अब्ज डॉलरची तरतूद होती. त्यातून सुमारे १४,००० नवे मानसिक आरोग्य व्यावसायिक शाळांना मिळतील, असा सरकारचा अंदाज होता.

या पैशाचा विनियोग कसा झाला, तेही पाहण्यासारखे आहे. कोठे विद्यार्थ्यांच्या शुल्काचा भार उचलला गेला. कोठे उमेदवारीच्या वर्षात विद्यावेतन दिले गेले. कोठे त्याच परिसरातील शिक्षकांना पुढील शिक्षण देऊन तेथेच काम करण्यास प्रवृत्त केले गेले. या शेवटच्या पद्धतीला तेथे 'आपले माणूस आपणच घडविणे' अशा अर्थाचे नाव आहे. बाहेरून आलेला माणूस दोन वर्षांत निघून जातो. ज्याचे घर, आईवडील आणि गोतावळा त्या गावात आहे, तो टिकतो, हा त्यामागील साधा विचार.

प्रमाणाचे भान येथे ठेवले पाहिजे. अमेरिकेच्या सार्वजनिक शाळांत सुमारे पाच कोटी विद्यार्थी आहेत. ५०० ला एक या हिशेबाने सुमारे एक लाख शालेय मानसशास्त्रज्ञ हवेत. आजच्या प्रमाणावरून पाहता त्याच्या निम्मेही होत नाहीत. म्हणजे एवढा मोठा निधीही सुरुवातच होता.

आणि तो मध्येच थांबला. एप्रिल २०२५ च्या अखेरीस शिक्षण खात्याने अनुदान घेणाऱ्या अनेक संस्थांना कळविले, की चालू कालावधी संपल्यानंतर त्यांना पुढील रक्कम मिळणार नाही. सुमारे एक अब्ज डॉलरच्या अनुदानांवर हा निर्णय लागू झाला. काही संस्थांनी निवडीत वंश आणि विविधता यांना दिलेले महत्त्व नव्या प्रशासनाच्या धोरणाशी विसंगत आहे, असे कारण खात्याच्या वतीने देण्यात आले. याविरुद्ध १६ राज्ये न्यायालयात गेली. डिसेंबर २०२५ मध्ये सिॲटल येथील संघीय न्यायालयाने अनुदाने अशा रीतीने खंडित करणे बेकायदा असल्याचा निर्णय दिला. दरम्यान खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्याने अर्ज मागविले आणि या वेळी भर मुख्यतः शालेय मानसशास्त्रज्ञांवर दिला.

कोणाचे धोरण बरोबर, याचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. सरकारे बदलतात, धोरणे बदलतात. तो त्यांचा अधिकार आहे. पण एक गोष्ट साऱ्यांनाच पटावी. २०२३ मध्ये ज्या उमेदवाराने प्रवेश घेतला, त्याचे दुसरे वर्ष २०२५ च्या उन्हाळ्यात संपते आणि उमेदवारीचे वर्ष त्यानंतर सुरू होते. म्हणजे सर्वांत अवघड पायरीवर पाऊल ठेवतानाच पुढच्या आधाराविषयी शंका उत्पन्न झाली. मागावर ताणा लावला, निम्मे कापड विणून झाले आणि सूत संपले, तर हाती काय येते? निम्मे कापड म्हणून त्याला निम्मी किंमत येत नाही. अपुऱ्या तुकड्याचा सदरा शिवता येत नाही. मनुष्य घडविण्याच्या कामात अपुरेपणाची हानी याहून मोठी असते. त्या उमेदवाराची दोन वर्षे जातात, शाळेने धरलेला भरवसा जातो, आणि ज्या मुलाने पहिल्यांदाच कोणापाशी मन मोकळे केले असेल, त्याचा आधार पुन्हा एकदा निघून जातो.

आपल्या दारातील प्रश्न

आता आपल्या घरी येऊ. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. हजार मुलांची माध्यमिक शाळा धरली, तर या प्रमाणात सत्तरहून अधिक मुले होतात. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे शिकणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, हे त्यातील एक तत्त्व.

न्यायालयाचा आदेश शिरोधार्य आहे. पण आदेशाने जागा निर्माण होते, माणूस निर्माण होत नाही. १९७५ च्या कायद्यानंतर अमेरिकेला जो अनुभव आला, तोच आपल्या दारात उभा आहे. आपल्या महाराष्ट्रात या कामाची परंपरा नाही असे मात्र नव्हे. डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्र आणि शिक्षण यांची सांगड घातली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने मन या विषयावरील चर्चा सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत आणली. वाट आहे, त्या वाटेवर चालणारी माणसे वाढविणे आवश्यक आहे.

येथे समाजाच्या न्यासांची भूमिका सुरू होते. अमेरिकेच्या अनुभवातून चार बोध घेण्यासारखे आहेत.

पहिला बोध असा, की ज्या विद्यार्थ्याला मानसशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी साह्य द्यावयाचे, त्याची शेवटच्या वर्षापर्यंतची संपूर्ण रक्कम आधी बाजूला काढावी आणि मगच त्याचे नाव जाहीर करावे. दहा जणांना एकेका वर्षाची मदत देण्यापेक्षा तिघांना पूर्ण शिक्षण देणे श्रेयस्कर. यादी लहान दिसेल. पण काम पुरे होईल.

दुसरा बोध शुल्काबाहेरच्या खर्चाचा. शुल्क भरणे हे दात्याला सोपे वाटते, कारण त्याची पावती मिळते. परंतु उमेदवार अडतो तो प्रत्यक्ष सरावाच्या काळात. त्या काळातील निर्वाह आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्या अनुभवी व्यक्तीचे मानधन, या दोन्ही खर्चांना दानाच्या योजनेत मानाचे स्थान असावे.

तिसरा बोध माणूस निवडण्याविषयी. तालुक्याच्या आणि गावाच्या शाळांत शिकविणाऱ्या तरुण शिक्षिका, त्या परिसरातील पदवीधर मुली आणि मुले यांना प्राधान्य द्यावे. शिक्षणानंतर काही वर्षे त्याच भागातील शाळांना सेवा देण्याचे वचन घ्यावे. मात्र त्या काळात योग्य वेतन मिळेल, याची जबाबदारीही न्यासाने उचलावी. वचन एका बाजूचे असू नये.

चौथा बोध सातत्याचा. मंदिरासाठी आणि भोजनशाळेसाठी कायम तिथी लिहिण्याची आपली पद्धत जुनी आहे. मूळ रक्कम ध्रुव फंडात राहते आणि व्याजातून दरवर्षी त्या तिथीचा खर्च भागतो. विश्वस्त बदलले, बाजार चढला-उतरला, तरी तिथी चुकत नाही. ज्या शहाणपणाने पूर्वजांनी ही व्यवस्था बांधली, तेच शहाणपण येथे उपयोगी पडेल. चार-पाच शाळांनी मिळून एक प्रशिक्षित व्यक्ती नेमावी आणि तिच्या वेतनाचा काही भाग अशा ध्रुव फंडातून यावा, एवढ्यापासून आरंभ करता येईल. मोठ्या सरकारच्या अब्जावधींना जे सातत्य साधले नाही, ते लहान न्यासाच्या स्थिर व्याजाला साधू शकते.

शेवटी एका अवघड गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. शाळेची खोली बांधली, तर तिच्यावर दात्याच्या नावाची फरशी बसते. शिष्यवृत्ती दिली, तर विद्यार्थ्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापता येते. मानसशास्त्रज्ञाकडे आलेल्या मुलाचे छायाचित्र मात्र कोठेही छापता येणार नाही. त्याचे नाव विश्वस्तांनाही कळता कामा नये, कारण गुप्ततेवरच या कामाचा सारा विश्वास उभा आहे. दात्याने विचारावे ते एवढेच, की या वर्षी किती मुलांना वेळ दिला गेला आणि किती उमेदवारांनी शिक्षण पूर्ण केले. कोण, हे विचारू नये. ज्या दानात फरशी नाही, छायाचित्र नाही आणि आभाराचे पत्रही येण्याची शक्यता नाही, असे दान देणे कठीण असते.

सव्वाशे वर्षांपूर्वी त्या शिक्षिकेपाशी विद्यार्थ्याचा प्रश्न होता आणि तिला उत्तरासाठी शाळेबाहेर जावे लागले. आपल्या शाळांतील शिक्षिकांपाशी आज तोच प्रश्न आहे. त्यांना उत्तर शाळेतच मिळावे, आणि एकदा मिळू लागले की ते खंडित होऊ नये, याची तजवीज सुवर्णमहोत्सवी वर्षात झाली, तर शतक महोत्सवाच्या वेळी वही उघडणाऱ्यांना आपल्या पिढीविषयी आदर वाटेल.